दोन हजारांच्या वरचे गृहस्थ

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी गृहस्थ असे असतात, जे गाडी लावल्यावर लगेच उतरत नाहीत. इंजिन चालू ठेवून मिनिटभर नुसते आत बसून राहतात. नव्या वॉचमनला वाटतं, घरी काहीतरी वाजलेलं दिसतंय. तसं काही नसतं. साहेब टर्बो थंड करत असतात. गाडी हायवेवर ताणून आणली असेल तर ही काळजी योग्यच. पण साहेब नाक्यावरून कोथिंबीर घेऊन आलेले असतात.

पुणे-पिंपरी-चिंचवड भागात हे पीक जरा जास्तच, आणि त्याला कारण आहे. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली ती चाकणच्या कारखान्यातून, आणि १४५ अश्वशक्तीची पुंतो अबार्थ २०१५ साली आली ती रांजणगावहून. दोन्ही आता बंद झाल्या. त्यांचं नाव निघालं की साहेबांचा आवाज गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा खाली येतो.

त्यांना "गाडी कशी आहे?" असं सहज विचारू नये. "चुलीपुढची फुंकणी बघितलीय ना? तेच! फक्त फुंकायचं काम धुरालाच लावलंय," अशी सुरुवात होते. बाहेर पडणारा धूर टर्बाइन फिरवतो, ते मिनिटाला १ लाखाच्या वर फेऱ्या घेतं आणि पलीकडचं चाक इंजिनात हवा कोंबतं. पण पाय दाबल्यावर धूर वाढायला आणि चाक पळायला क्षणभर जातो. हा क्षण म्हणजे लॅग. मग आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरचं १९०५ सालचं पेटंट निघतं. तिथून स्वारी १९७५ च्या पोर्श ९११ टर्बोवर येते. वळणाच्या मध्यावर बूस्ट उशिरा, पण सगळा एकदम यायचा आणि भल्याभल्यांची गाडी शेपटीकडून फिरायची. तोवर आपला चहा गार झालेला असतो.

साहेबांचं पहिलं प्रेम डिझेल स्विफ्ट. आत फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन. २,००० आरपीएमच्या खाली झोपलेलं आणि वर गेलं की पाठीत धपका घालणारं. हल्लीच्या बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्या १,७५० च्या आसपासच पूर्ण टॉर्क देतात, हे साहेबांना मान्य आहे. पण "धपका नाही हो!" थोडक्यात, लॅग असला की तक्रार, आणि गेला की हळहळ.

तरीही त्या क्षणाचा पाठलाग सुटत नाही. आता ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि थ्रॉटल किती उघडायचं ते ईसीयू ठरवतो. या मध्यस्थावर साहेबांचा विश्वास नाही. म्हणून त्यांनी पेडल आणि वायरिंग यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक डबी बसवून घेतली. पाय चार आणे दाबला की ती आत बारा आणे कळवते. ताकद एका घोड्याने वाढत नाही. टर्बोही आधी जागा होत नाही. हे साहेबांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. "पण फील बदलतो," म्हणतात. बिलाचा आकडा मात्र वहिनींना अजून कळलेला नाही. तिथला लॅग साहेबांना चालतो.

फील दाखवण्याचा समारंभ चांदणी चौक सुटल्यावर होतो. "बघा हं," असं म्हणून साहेब पाय दाबतात. मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर आमटीचा डबा.

"आता येईल... आता येईल... आला!"

आला खरा, पण तेवढ्यात पुढे पीएमपीची बसही आली. करकचून ब्रेक.

"जाणवलं का, आई?"

"जाणवलं हो," पदर पिळत सासूबाई म्हणाल्या.

गंमत अशी, की हीच गाडी वहिनी चालवतात तेव्हा लॅग कुठे जातो कोण जाणे. इंजिन कुरकुरायच्या आत त्या गिअर खाली घेतात, पाय हलकेच देतात, गाडी गुपचूप ओढते आणि ॲव्हरेजही जास्त देते. यावर साहेबांचं मत तयार आहे: "तू गाडी चालवत नाहीस, वापरतेस."

"मग कशाला घेतलीय?" वहिनी विचारतात. याचं उत्तर तांत्रिक नसल्यामुळे साहेबांकडे नसतं.

तरी असा एक शेजारी प्रत्येकाला असावा. सेकंडहँड टर्बो गाडी बघायला जाल तेव्हा त्यांना आवर्जून न्या. नुसत्या शिट्टीच्या सुरावरून टर्बो थकलाय का, इंटरकूलरच्या पाइपातून हवा गळतेय का, याचा अंदाज ते बॉनेट उघडायच्या आत बांधतात, आणि त्याचे पैसेही घेत नाहीत. फक्त व्यवहार ठरला की किल्ली आधी आपल्या खिशात टाका.