हिंजवडीत माजी विद्यार्थी कसे गाठावेत: नवशिक्या समन्वयकांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. आपल्या विद्यापीठाने आपल्याला माजी विद्यार्थी कक्षाचं समन्वयक नेमलं आहे. हा अतिरिक्त कार्यभार आहे, म्हणजे वर्कलोड आहे तेवढाच राहील आणि हे वरून. आदेशात कारण लिहिलेलं नाही, पण शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे: मूल्यांकनाला नॅक येतंय. नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांनी गेल्या पाच वर्षांत किती लाख दिले ते विचारतात, आणि आपल्या फायलीत त्या रकान्यात मोठ्या सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलेलं आहे.

ही मार्गदर्शिका लहान सार्वजनिक विद्यापीठांपुरतीच आहे. आयआयटी मुंबईवाल्यांनी पान उलटावं. त्यांच्याकडे नंदन निलेकणी २०२३ मध्ये एकरकमी ३१५ कोटी द्यायचं कबूल करतात आणि त्याच वर्षी १९९८ची बॅच पंचवीस वर्षं झाली म्हणून ५७ कोटी गोळा करते. आपण सोलापूर, जळगाव, नांदेड, गडचिरोली या पंक्तीतले. यातलं सगळ्यात जुनं जळगावचं, तेही १९९०चं. निलेकणी आयआयटीत दाखल झाले १९७३ साली. म्हणजे आपला पहिला पदवीधर अजून मुलांच्या फिया आणि घराचे हप्ते भरतो आहे. हे कारण अहवालात जरूर घाला, खरं आहे. पुरेसं मात्र नाही.

कुठे जावं, कधी जावं

माजी विद्यार्थी जिल्ह्यात सापडत नाहीत. ते हिंजवडीत असतात. सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसने पहाटे निघालेला मुलगा पुण्यात उतरतो तो बहुधा वाकड, पुनावळे नाहीतर ताथवड्यात स्थिरावतो आणि तिथून आयटी पार्कात जातो. बैठक मंगळवार ते गुरुवारच ठेवा. सोमवारी आणि शुक्रवारी निम्मं हिंजवडी घरूनच काम करतं. संध्याकाळी सहाची वेळ कळवू नका. त्या वेळी भूमकर चौकातून शिवाजी चौकात पोचायला जो वेळ लागतो, त्यात विद्यापीठाच्या एखाद्या प्राधिकरणाची बैठक चहापाण्यासकट उरकते. फेज तीनमधल्या माणसाला फेज एकला बोलावणं हा तर शत्रुत्वाचा प्रकार मानतात.

माजी विद्यार्थी ओळखणे

इथेच बहुतेक समन्वयक गळतात, म्हणून जरा थांबून वाचा.

समजा, तुम्ही सोलापूर विद्यापीठाकडून आला आहात आणि समोरच्याला विचारलंत, "तू कुठला?" तो म्हणेल, "वालचंदचा." (सोलापूरचं वालचंद की सांगलीचं हे लगेच विचारून घ्या. सांगलीवाल्यांना गैरसमज खपत नाही.) दुसरा म्हणेल, ऑर्किडचा. तिसरा, पंढरपूरच्या स्वेरीचा. "मी विद्यापीठाचा" असं म्हणणारा भेटलाच तर तो केगावच्या आवारातल्या एखाद्या पदव्युत्तर विभागात शिकलेला असणार. त्याला सोडू नका, तो दुर्मीळ आहे.

बाकीच्यांची गोष्ट अशी, की त्यांना कॉलेजने शिकवलं, कॉलेजच्या कट्ट्याने वाढवलं, कॉलेजजवळच्या खोलीवाल्या काकूंनी डबा दिला. विद्यापीठाने काय केलं? अभ्यासक्रम बदलला, परीक्षा पुढे ढकलली, निकाल राखून ठेवला, गुणपत्रिका दिली. ब्रिटिशांनी १८५७ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी विद्यापीठं काढली. शिकवायचं काम कॉलेजांकडे ठेवलं. संलग्नतेचं ते घर आपण आजही तसंच चालवतो. परीक्षा घेणाऱ्यावर कोणाचं प्रेम बसल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आरटीओचे माजी परवानाधारक मेळावा भरवतात का?

त्यात आणखी गुंता नावाचा. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं, एका जिल्ह्यापुरतं. २०१९ मध्ये ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. तेव्हा एकाच कॉलेजच्या एकाच बाकावर वेगवेगळ्या साली बसलेल्या तिघांच्या पदवीवर तीन नावं निघतात. २००२च्या पदवीधराला तुम्ही मेळाव्याचं निमंत्रण धाडलंत तर तो म्हणणार, "सर, माझी डिग्री कोल्हापूरची." आणि कोल्हापूरवाले त्याला बोलवायला जाणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो सोलापूरचा. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं; तिथेही यादी करताना उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ ही दोन वेगळी विद्यापीठं समजू नयेत.

एक निरीक्षण जाता जाता. सोलापूरच्या विद्यापीठाला सिद्धेश्वरांचं नाव द्यावं की अहिल्यादेवींचं, यावर शहर रस्त्यावर उतरलं होतं. म्हणजे लोकांना विद्यापीठाची पर्वा नाही असं म्हणता येत नाही. ती पाटीपाशी उफाळून येते आणि ग्रंथालयापर्यंत पोचेस्तोवर ओसरते.

पैसे मागणे

आधी एक गैरसमज काढून टाका. हिंजवडीतला माणूस चिक्कू नाही. गावच्या यात्रेची वर्गणी, शाळेच्या पत्र्यांसाठी वर्गणी, मित्राच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी मदत, हे सगळं तो स्टँडअप मीटिंग चालू असताना फोनवरून पाठवतो आणि ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकतो. खुद्द हिंजवडी बघा. काचेच्या इमारतींच्या बुडाशी अजून गाव आहे, आणि चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीतून वाकडकडे निघतं तेव्हा वाहतूक बाजूला होते. बगाडाला लागणारी माणसं आणि पैसा जमवायला कोणी समन्वयक नेमत नाही.

इथून फार लांब नाही ते तळेगाव. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंडासाठी माणशी एक पैसा गोळा केला आणि १९०८ साली त्यातून तिथे काचेचा कारखाना उभा राहिला. पैसा फंडाला देणगी देणाऱ्याला पैशाचं काय होणार ते एका वाक्यात कळत होतं: काच. आपलं आवाहन काढून बघा. 'विद्यापीठाच्या सर्वांगीण विकासासाठी.' या वाक्याला कोण पैसा देईल? मी तरी देणार नाही. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले ते बायकांच्या शिक्षणासाठी, आणि विद्यापीठावर आईचं नाव लागलं. देणाऱ्याला काम दिसलं पाहिजे, नाव दिसलं तर आणखी बरं.

लोकांचं दुसरं उत्तर तयार असतं: "विद्यापीठ सरकारचं ना? मग सरकार देईल की." सरकारी पगारपत्रक दरमहा येतं तोवर या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते पगारपत्रक रिकाम्या पदांमुळे दरवर्षी आखूड होतंय हे बाहेरच्याला दिसत नाही. हे समजावायला बसलात तर चहा गार होतो.

करसवलतीचा मुद्दा काढू नका. नव्या करप्रणालीत ८०जी मिळत नाही आणि समोरचा त्याच प्रणालीत आहे. तुमच्यापेक्षा त्याला हे जास्त नीट माहीत आहे.

कंपनीच्या गेटवर सीएसआरचा प्रस्ताव घेऊन उभं राहणं हाही नवशिक्यांचा आवडता छंद. रखवालदार सभ्य असतात, तरी सांगतो. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले खरे, पण ते ठरतं इन्फोसिस आणि विप्रोच्या बाबतीत बंगळुरूत, टीसीएसच्या बाबतीत मुंबईत. शिवाय तोच कायदा म्हणतो, जिथे कारभार करता त्या परिसराला प्राधान्य द्या. परिसर म्हणजे मान, मारुंजी, मुळशी. केगाव त्यात बसत नाही. तुमचा विद्यार्थी त्यांच्या परिसरात आला, तुम्ही नाही.

मतदार म्हणून गाठणे

ही पद्धत एकमेव यशस्वी आहे, आपल्या नव्हे तर इतरांच्या दृष्टीने. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. त्या निवडणुकीच्या काळात पदवीधराला अचानक फोन येऊ लागतात, अर्ज घरपोच येतो, प्रमाणपत्राची झेरॉक्ससुद्धा कोणीतरी काढून देतं. निवडणूक झाली की फोन थांबतात. पॅनेलवाल्यांनी जमवलेली ती यादी हा आपल्या विद्यापीठाचा सर्वांत अद्ययावत माजी विद्यार्थी कोश आहे, आणि तो आपल्या कक्षाकडे नाही.

यश आल्यास घ्यायची खबरदारी

चुकून एखाद्या विभागाने किंवा कॉलेजने माजी विद्यार्थ्यांना खरोखर बांधून ठेवलं, तर सावध राहा. नागपूर विद्यापीठाला रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने संपत्ती दिली, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था निघाली. ती नावाजली, तिचे माजी विद्यार्थी संघटित झाले, आणि २०२३ मध्ये ती स्वतःच विद्यापीठ होऊन बाहेर पडली. पुण्यात सीओईपीने २०२२ मध्ये तेच केलं. ज्यांच्यावर जीव असतो ती मुलं आपापलं बिऱ्हाड थाटतात आणि मूळ घरात परीक्षा विभाग उरतो. यावर उपाय मला माहीत नाही. बहुधा असूही नये.

माजी विद्यार्थी परत आणायचा एक उपाय मात्र आहे आणि तो कुठल्याही मार्गदर्शिकेत नसतो. पदवीधर परत येतो तो त्याला नावाने हाक मारणाऱ्या मास्तरांकडे. आपल्या विभागात पाच मंजूर पदांपैकी एक भरलेलं, बाकी तासिका तत्त्वावर, आणि दर जूनमध्ये चेहरे नवे. पाच वर्षांनी आलेल्या मुलाने केबिनचं दार लोटलं तर आत त्याला ओळखणारं कोणी नसतं. पदभरतीचा विषय समन्वयकाच्या कक्षेबाहेर आहे, तेव्हा पुढे जाऊ.

बैठकीचा प्रत्यक्ष दिवस

पावतीपुस्तक खिशात ठेवा, टेबलावर नको. वाकडच्या एखाद्या हॉटेलात सात-आठ जण येतील. शेंगाचटणी नेलीत तर दहा. विद्यापीठाची चित्रफीत दाखवू नका. कुलगुरूंचा संदेश वाचायचाच असेल तर जेवण आल्यावर वाचा. मग गप्प बसून ऐका.

ते बोलतील. एकाची कॅनडाची फाईल अडली आहे, ट्रान्स्क्रिप्ट सीलबंद पाकिटात हवी, तीन अर्ज झाले. एकीच्या पदवीवर आईचं नाव चुकलं आहे, आणि दुरुस्तीसाठी स्वतः हजर राहायला सांगितलंय. रजा शिल्लक नाही. एकाला कंपनी बदलताना पडताळणीला उत्तर गेलं नाही म्हणून रुजू व्हायची तारीख लांबली. मागे बसलेला एक जण शेवटी विचारेल, "सर, माझं पदवी प्रमाणपत्र मी न्यायलाच आलो नाही, पदवीप्रदानाला सुट्टी मिळाली नव्हती. तिथेच पडलं असेल ना? पुढच्या वेळी येताना आणाल का?"

सगळं लिहून घ्या: नाव, बैठक क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, फोन. देणगीचा विषय आज काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कक्षात न जाता थेट परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा. साडेदहानंतर जा, त्याआधी ती उघडत नाही.