खुर्ची सापडेपर्यंत

नाटकाला तिसऱ्या घंटेनंतर पोचणाऱ्यांच्या जमातीतला मी. अंधारात लोकांचे गुडघे मोजत, "सॉरी, सॉरी" पुटपुटत खुर्ची गाठणं ही माझी जुनी कला. म्हणूनच गेल्या शतकातल्या विलायती व्हरायटी थिएटरांविषयी वाचताना मी जरा ओशाळलो. तिथे रोज संध्याकाळी दोन खेळ होत आणि पहिली हजेरी बहुधा कसरतवाल्यांची असे. त्यांना बोलायचं नसतं, त्यामुळे कुणाचं एखादं वाक्य हुकण्याची भीती नाही. लोकांनी खुशाल ओले ओव्हरकोट झटकावेत, जागा शोधाव्यात. आणि तेवढ्यात गिंतारोसारखा एखादा जपानी कलावंत समोर भोवऱ्यांचे खेळ करत असायचा. नागव्या तलवारीच्या धारेवरून गरगरता भोवरा चालवणं, हे त्या कलेतलं जुनं नवल. जाहिरातीत विनोदवीराचं नाव कोहळ्याएवढं, कसरतवाल्यांचं तळाशी मोहरीएवढं. तळातल्या त्या नावांना धंद्यातले लोक 'वाइन्स अँड स्पिरिट्स'मधली म्हणत, कारण शेजारीच थिएटरातल्या दारूची जाहिरात असे.

तसा या मंडळींचा मान मोठा. 1866 मध्ये जपानने परदेशप्रवासाची बंदी उठवली, तेव्हा पहिला पासपोर्ट कुणा सरदाराला नव्हे, सुमिदागावा नामिगोरो या हातचलाखीवाल्याला मिळाला. त्यात फोटो नव्हता. डोळे लहानसे, नाक उंचसं, असं लिहिलं होतं. जणू स्थळाचं टिपणच! त्याच्या जथ्याला अमेरिकेत आणि मग युरोपात नेणारा रिझ्ली नावाचा कसरतवाला स्वतः पाठीवर झोपून पायांनी पोरं उडवणारा. पायांवर वस्तू नि माणसं नाचवणं जपानलाही जुनंच ठाऊक होतं, पण विलायतेत त्या खेळाला नाव पडलं 'रिझ्ली'. चटणी घरची, नाव शेजाऱ्याचं. त्याच जथ्यात एक लहानगा होता. कसरत साधली की तो "ऑल राइट!" असं ओरडे. परक्या मुलखात स्वतःच्याच पाठीवर थाप द्यायला त्याला एवढे दोन शब्द पुरत. लोकांनी त्याचं नावच 'लिटल ऑल राइट' ठेवलं.

हे वाचताना मला आठवतं ते आमच्या वाड्यातलं अंगण. भोवऱ्याला जाळी गुंडाळून मी सबंध मे महिना हातजाळीसाठी झुंजत होतो. भोवरा हवेतल्या हवेत तळहातावर झेलायचा, बस, एवढंच. तो मात्र तुळशीवृंदावनावर, आजीच्या पापडांवर, सगळीकडे उतरला. चुलतभाऊ हसून हसून थकले. मग एका दुपारी आमरसाची हाक आली, अंगण रिकामं झालं, आणि नेमका तेव्हा भोवरा माझ्या तळव्यात येऊन उभा राहिला. आर किंचित गुदगुल्या करत होती. इतका स्थिर, की फिरतोय की ध्यानाला बसलाय, कळेना.

तिकडे विलायतेत 1950 च्या दशकात टेलिव्हिजन घराघरांत शिरला आणि प्रेक्षकांना कायमची खुर्ची सापडली, स्वतःच्या घरात. एकेक थिएटर मिटत गेलं. उशिरा येणारेही येईनासे झाले. तलवारीच्या धारेवरच्या भोवऱ्याला यातलं काय कळणार? त्याला फक्त टोक गाठायचं असतं.

त्या दुपारी मी मान वर करून पाहिलं. ओसरीवर मांजर होतं, तेही झोपलेलं. मग मीच हळू आवाजात म्हणालो, "जमलं."