काटकसरी कप्तान

कमी खर्च करणारा प्रत्येक माणूस काटकसरी असतोच असं नाही. ज्याच्या खिशात काही नाही, तोही कमीच खर्च करतो. खरा काटकसरी तो, ज्याला दुसऱ्याने वाया घालवलेलं पाहूनसुद्धा पोटात कालवतं. पंगतीत शेजारच्या पानात टाकलेली अर्धी जिलबी पाहून ज्याचा स्वतःचा घास घशात अडकतो, तो. अशा माणसाचं घरात कौतुक होत नाही. तोंडावर त्याला 'व्यवस्थित' म्हणतात आणि पाठ फिरली की 'चिकट'. बिचाऱ्याच्या गुणाला साजेसं मैदानच मिळत नाही. सारी प्रतिभा दिवे बंद करण्यात आणि साबणाच्या चिपा जोडण्यात संपते.

एका माणसाला मात्र मैदान मिळालं. तेही समुद्राखाली.

मार्टिन नेस्मिथ हा ब्रिटिश आरमारातला लेफ्टनंट कमांडर. जन्म लंडनजवळचा, तारीख १ एप्रिल १८८३. तारखेवर जाऊ नका, माणूस कुणाकडून फसणाऱ्यांपैकी नव्हता. पहिल्या महायुद्धात त्याच्या ताब्यात 'ई-११' नावाची पाणबुडी होती. नाव म्हणावं तर खोलीचा नंबर वाटावा असं. व्हिकर्स कंपनीने ती बॅरो इथे बांधली, १९१४ च्या एप्रिलमध्ये ती पाण्यात उतरली आणि सप्टेंबरात आरमारात रुजू झाली. लांबी १८१ फूट, आत तीस माणसं. पाण्यावर असताना डिझेल, पाण्याखाली बॅटरी. टॉरपेडो सोडायच्या नळ्या पाच आणि टॉरपेडो फक्त दहा.

त्या काळच्या आरमारात पाणबुडीवाल्यांना फारसा मान नव्हता. मोठ्या युद्धनौकांवरचे साहेब पांढऱ्या हातमोज्यांत वावरायचे, आणि ही मंडळी तेलकट स्वेटरमध्ये, दाढी वाढलेली, डिझेलच्या वासाने आधी कळणारी. लपून वार करणं हा सभ्य माणसाचा धंदा नाही, असं बऱ्याच वरिष्ठांचं मत होतं. मला विचाराल तर सभ्यपणा हा मुळात भरपूर कोळसा आणि भरपूर गोड पाणी असलेल्यांचा छंद आहे. ई-११ वर गोडं पाणी पिण्यापुरतं. आंघोळीचं नाव नाही. हवा मोजकी, वीज मोजकी. ई-वर्गाची पाणबुडी पाण्याखाली ताशी पाच सागरी मैलांच्या चालीने गेली, तर एका चार्जिंगवर साधारण पासष्ट मैल जायची. घाई केली की बॅटरी बघता बघता बसायची. म्हणजे उधळ्या कप्तान तिथे शौर्य दाखवायच्या आधीच तळाशी. काटकसर हा दुर्गुण समजणाऱ्यांनी एकदा त्या लोखंडी नळकांड्यात बसून पाहावं.

नेस्मिथचा स्वभाव पहिल्यांदा उघड झाला तो १९१४ च्या नाताळात. त्या दिवशी ब्रिटिश विमानांनी जर्मनीच्या कुक्सहाफेनवर हल्ला केला. परतताना इंधन संपलेलं एक विमान ई-११ शेजारी पाण्यावर उतरलं. दुसऱ्या कुणीही वैमानिकाला आत घेतलं असतं आणि विमानाला रामराम ठोकला असता. नेस्मिथने वैमानिकाला आत घेतलं आणि विमान दोराने मागे बांधलं. चांगलं विमान आहे, टाकून कशाला द्यायचं? तेवढ्यात आकाशात जर्मनांचं झेपेलिन, म्हणजे हवाई जहाज, दिसलं, समोरून एक पाणबुडी येताना दिसली (ती आपलीच होती, हे नंतर कळलं), आणि आणखी दोन विमानं येऊन पाण्यावर बसली. चार वैमानिक आणखी. शेवटी दोर कापावा लागला, पाचही जणांना घेऊन बुडी मारावी लागली. झेपेलिनचे बॉम्ब वर फुटत राहिले आणि खाली समुद्राच्या तळाशी नाताळचं जेवण झालं. विमान गेलं याची हळहळ त्याला किती वाटली असेल, याची मी कल्पना करू शकतो.

मग १९१५ चा मे उजाडला. दार्दानेल्सची सामुद्रधुनी म्हणजे साठेक किलोमीटरची अरुंद गल्ली. दोन्ही काठांवर तोफा, मध्ये सुरुंग, आणि प्रवाह समोरून अंगावर येणारा. पलीकडे मार्माराचा समुद्र आणि त्याच्या टोकाला शत्रू तुर्कांचं इस्तंबूल. ई-१५ ही पाणबुडी एप्रिलात याच गल्लीत अडकून संपली. ऑस्ट्रेलियाची एई-२ आत पोचली, पण पाच दिवसांत बुडाली. ई-१४ घेऊन गेलेला बॉईल मात्र आत जाऊन जिवंत परत आला. हा बॉईलही काही कमी नव्हता. टॉरपेडो संपत आले, तेव्हा त्याने पाइप, तेलाचं पिंप आणि कॅनव्हास यांची खोटी तोफ उभी केली आणि तिच्या धाकावर जहाजं पळवली. बॉईल १८ मे रोजी परतला. १९ मेच्या पहाटे नेस्मिथ निघाला.

आत गेल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर एक शिडाची होडी पकडली आणि पाणबुडीच्या मनोऱ्याला बांधून टाकली. स्वतः पाण्यात जवळजवळ बुडून राहायचं; लांबून पाहणाऱ्याला दिसावी ती एक गरीब होडी. वेषांतराचा खर्च शून्य. शिकार काही मिळाली नाही, तेव्हा होडी सोडून दिली. त्यानंतर इस्तंबूलजवळ त्याने 'पेलेंक-इ देर्या' ही तुर्की गनबोट टॉरपेडोने बुडवली. बुडता बुडता त्या गनबोटीने एक गोळा असा झाडला की ई-११ च्या पेरिस्कोपला आरपार भोक पडलं. दोनातला एक डोळा गेला. नेस्मिथ उरलेल्या एकावर कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी 'नागारा' नावाचं जहाज भेटलं. ई-११ वर तेव्हा तोफ नव्हती, म्हणून बंदुकांच्या गोळ्या झाडून त्याला थांबवलं. जहाजावरची मंडळी इतकी घाबरली, की होड्या उतरवण्याच्या घाईत दोन होड्या उलथल्या. या गोंधळात एक गृहस्थ शांतपणे कठड्याशी आला आणि आपली ओळख करून देऊ लागला: शिकागो डेली न्यूजचा वार्ताहर रेमंड ग्रॅम स्विंग. जहाज सोडायचं सोडून आधी कार्ड पुढे करणारी जातही जगात असते. तिच्यावर वेगळं लिहावं लागेल. जहाजात काय आहे म्हणून विचारलं, तर स्विंगला नक्की माहीत नव्हतं. नेस्मिथचा दुय्यम अधिकारी डॉयली-ह्यूज चढून पाहतो, तर खच्चून दारूगोळा. सगळे उतरल्यावर त्याने त्या दारूगोळ्यालाच एक छोटा स्फोटक लावून दिला. जहाज आपल्याच पोटातल्या मालाने उडालं. टॉरपेडो वाचला.

२५ मे रोजी तो थेट इस्तंबूलच्या बंदरात शिरला. शंभराहून अधिक वर्षांत शत्रूचं जहाज त्या पाण्यात आलं नव्हतं. धक्क्याला 'इस्तंबूल' नावाचं जहाज लागलेलं. दोन टॉरपेडो सोडले. एक निशाणावर बसला. दुसरा बिघडला आणि बंदरभर गोल गोल हिंडू लागला. खुद्द ई-११ ला त्याला चुकवत पळ काढावा लागला. शहरात हाहाकार. इतिहासकार या घटनेचं मोल लोकांच्या घबराटीत मोजतात. मला मात्र राहून राहून नेस्मिथ दिसतो: एका डोळ्याचा पेरिस्कोप, पाणबुडीचं बूड गाळाला घासतंय, आणि समोर आपलाच टॉरपेडो असा उधळलेला.

आता खरी गोष्ट. टॉरपेडो चुकला तर तो निरुपद्रवी व्हायला हवा, असं १९०७ च्या हेग कराराचं कलम होतं. कारण साधं: चुकलेला जिवंत टॉरपेडो पाण्यावर तरंगत राहिला, तर उद्या कुणाही निरपराध जहाजाला लागेल. त्यासाठी टॉरपेडोत बुडण्याची व्यवस्थाच असते. नेस्मिथने ती फिरवून ठेवली. त्याचा टॉरपेडो चुकला तर तरंगायचा. मग धाव संपली की हा त्याला शोधत जायचा. सापडला की पाणबुडी वर आणायची, आणि शत्रूच्या समुद्रात, भर दिवसा, कप्तान स्वतः पाण्यात उडी मारायचा. पोहत पोहत टॉरपेडोच्या नाकाशी जायचं. त्या नाकाला असतो स्फोट घडवणारा खटका. धक्का लागला की संपलं. तो खटका हलक्या हाताने फिरवत फिरवत सोडवायचा, लाटा टॉरपेडोला इकडेतिकडे ढकलत असताना. खटका निघाला की खालच्या मंडळींना खूण.

पहिल्यांदा तो टॉरपेडो दोरखंडाने उचलून वरच्या झडपेतून आत घेतला. त्यात फार वेळ गेला, आणि तेवढा वेळ पाणबुडी झडपा उघड्या टाकून वर, बुडी मारायची सोय नाही. वेळेचा अपव्ययही त्याला खपेना. पुढच्या वेळी त्याने पुढच्या टाक्यांत पाणी भरून पाणबुडीचं नाक खाली दाबलं, शेपूट वर काढली, मागची नळी पाण्याच्या पातळीला आणली आणि पोहणाऱ्या माणसांनी टॉरपेडो हातांनी ढकलत नळीत परत घातला. ज्या भोकातून मृत्यू बाहेर पडतो, त्यातूनच तो आत घेतला. आंतरराष्ट्रीय कायद्याला हे धरून नव्हतं. पण कायदा करणाऱ्यांनी काटकसरी माणसाचा विचार केला नव्हता. दुसऱ्याच्या जहाजाला उद्या धोका होऊ नये म्हणून माल निकामी करा, असं त्यांनी लिहिलं. माल पुन्हा वापरायला परत उचलणारा कुणी निघेल, हे त्यांच्या डोक्यात कसं यावं?

परतीच्या वेळी यंत्राचा दांडा तडकलेला होता, मोटारीची तक्रार होती. घरी जाणं भाग होतं. पण नेस्मिथने दोन टॉरपेडो राखून ठेवले होते, दिवाळीची पैठणी ट्रंकेत राखून ठेवावी तसे. वाटेत एखादी मोठी युद्धनौका भेटेल, तिच्यासाठी. सामुद्रधुनी जवळजवळ अर्धी उतरला, युद्धनौका काही भेटली नाही. आता दोन टॉरपेडो घेऊन परत घरी जायचं? मागे येताना एक सैन्यवाहू जहाज दिसलं होतं, ते आठवलं. सुटकेच्या वाटेवरून हा माणूस उलटा फिरला, मागे गेला, ते जहाज बुडवलं आणि मग पुन्हा परत निघाला. पुढे त्याला मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाच्या मानपत्रात या उलटं फिरण्याचा खास उल्लेख आहे. मानपत्राला ते शौर्य वाटलं.

पुढे काही अंतर गेल्यावर पाणबुडीला काहीतरी घासल्याचा आवाज आला. तळ तर खूप खोल होता. नेस्मिथने पेरिस्कोप वर केला आणि पाहिलं: पाणबुडीच्या बाजूच्या आडव्या पंखाला एका सुरुंगाचा दोर अडकला होता आणि काही फुटांवर तो अजस्र गोळा सोबत चालला होता. त्याने पेरिस्कोप खाली घेतला आणि सोबत्यांना काही सांगितलं नाही. सांगून उपयोग काय? भीतीसुद्धा उगाच खर्च करायची नाही. त्या सुरुंगासकट तो सामुद्रधुनीच्या तोंडाबाहेर आला, मग शेपटीकडून वर येत पूर्ण वेगाने उलटा चालला; दोर निसटला आणि सुरुंग खाली गेला. नेस्मिथला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोन दुय्यम अधिकाऱ्यांना आणि उरलेल्या सगळ्या खलाशांनाही पदकं मिळाली.

ऑगस्टात ई-११ पुन्हा आत गेली, आता तोफ घेऊन. ८ तारखेला जुनी युद्धनौका 'बार्बरोस हायरेद्दिन' बुडवली. राखून ठेवण्यासारखं सावज शेवटी भेटलं. त्या जहाजाबरोबर शेकडो माणसं गेली, आणि तिथे विनोद थांबतो.

याच फेरीत डॉयली-ह्यूजला इझमितच्या आखाताजवळची रेल्वेलाइन उडवायची होती. तराफ्यावर स्फोटक ठेवून तो रात्री एकटा पोहत किनाऱ्याला गेला. चढताना एका शेतकऱ्याच्या आवारात उतरला आणि खुराड्यातल्या कोंबड्यांनी कलकलाट केला. साम्राज्याची मोहीम कोंबड्यांपायी फसायची, पण थोडक्यात वाचली. रुळांवर पहारेकरी होते, म्हणून जवळच्या एका विटांच्या बांधकामाखाली स्फोटक लावून हा पळाला, मागून गोळीबार. पहाटेच्या धुक्यात पोहत येताना ई-११ चं नाक, तोफ आणि मनोरा वेगवेगळे दिसले. त्याला वाटलं शत्रूच्या तीन होड्या आहेत. म्हणून तो घाबरून परत किनाऱ्याकडे फिरला! शेवटी ओळख पटली आणि त्याला अर्धमेल्या अवस्थेत वर घेतलं. गमावलेल्या विमानाचा अनुभव असल्यामुळे, माणूस परत मिळेपर्यंत नेस्मिथ तिथून हलला नाही.

तिसरी फेरी नोव्हेंबर-डिसेंबरात झाली, सलग सत्तेचाळीस दिवसांची. इझमितजवळ 'यार हिसार' ही विनाशिका बुडवली. तीन फेऱ्या मिळून लहान-मोठी ऐंशीहून अधिक जहाजं आणि होड्या ई-११ च्या नावावर जमा झाल्या. दहा टॉरपेडोंच्या पाणबुडीसाठी हा हिशेब कोणत्याही मुनिमाला तपासून पाहावासा वाटेल.

नेस्मिथ पुढे ॲडमिरल झाला. १९३२ ते १९३४ या काळात तो ईस्ट इंडीज स्टेशनचा सरसेनापती होता, म्हणजे आपला मुंबईचा समुद्रही त्याच्या देखरेखीखाली होता. १९६५ साली तो वारला. ई-११ मात्र आरमाराने मार्च १९२१ मध्ये माल्टाला भंगारात विकली. भंगाराचे का होईना, पैसे आले. वाया गेली नाही.