अर्ध्या तासाचं बिल

माझी एक काकू दर एकादशीला उपास करायची. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, बटाटे, वर खजूर. खर्च रोजच्या जेवणाच्या दुप्पट; पण त्याची चिठ्ठी तिनं कधी शेजाऱ्यांच्या दारात सरकवली नाही. व्रत स्वतःचं, तर वाणीही स्वतःचाच, एवढा साधा हिशेब तिला कळत होता.

जहाजमालकांना काकू नसावी.

कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरच्या हारो सामुद्रधुनीत २०१७ पासून उन्हाळ्यात जहाजं ‘स्वेच्छेनं’ हळू जातात. पहिल्या वर्षी वेग ठरला ११ नॉट, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर. कारण त्या पाण्यातले साल्मनवर जगणारे ओर्का सत्तर-पंचाहत्तरच उरलेत, ते मासे शोधतात कानानं, आणि जहाजाच्या पंख्याच्या घरघरीत त्यांना काही ऐकू येत नाही. तिथं परदेशी जहाजाला स्थानिक पायलट, म्हणजे पाण्यातला वाटाड्या, घ्यावाच लागतो. जहाज हळू गेलं की पायलट ब्रिजवर जास्त वेळ उभा, म्हणून बिल जास्त. फारच लांबलं तर दुसरा पायलट. लांबतं किती? भरधाव कंटेनर जहाजाचा साधारण अर्धा तास. मग या अर्ध्या तासाचे पैसे मालकाला कुणीतरी भरून द्यावेत, असं ठरलं. स्वेच्छा मालकाची, पावती दुसऱ्याच्या नावानं!

बरं, मग अर्धवट कशाला थांबायचं? त्या अर्ध्या तासात पायलट एक कॉफी जास्त पिणार, तिची साखर लावा. कप्तानाला जांभया येणार, त्या मोजा. खलाशी कठड्याशी उभा राहून फुकट निसर्ग बघणार, ते मात्र वजा करा. हिशेब चोख हवा. आणि वजाबाकीच करायची, तर तेलाचीही करा ना! वेग दहा टक्के उतरवला की ताशी जळणारं तेल पाव हिश्श्यानं घटतं, हे या धंद्याला कुणी शिकवायला नको. २००८ च्या मंदीत भाडी कोसळली, तेव्हा यांनीच महासागरभर वेग उतरवला, त्याला ‘स्लो स्टीमिंग’ असं भारदस्त नाव दिलं आणि गिऱ्हाइकाचा माल दिवसच्या दिवस उशिरा पोचवला. तेव्हा नाही कुणाला घड्याळ दिसलं! स्वतःच्या गल्ल्यासाठी हळू गेलं की ती धंद्याची अक्कल, आणि माशासाठी अर्धा तास हळू गेलं की लगेच तो त्याग? कसला डोंबलाचा त्याग!

(ओर्का हा मासा नव्हे, डॉल्फिनच्या कुळातला प्राणी आहे, असं पत्र कुणी धाडू नये. मला माहीत आहे. रागात मासाच येतो तोंडात.)

भोवतीचा गोंगाट जेवढा चढतो, जवळजवळ तेवढाच या ओर्कांना आवाज चढवावा लागतो, हे मोजलेलं आहे. २०१८ च्या जुलैत त्यांच्यातली एक मादी मेलेलं पिल्लू डोक्यावर पेलत १७ दिवस पोहत राहिली. पिल्लू जन्मल्यावर जगलं होतं साधारण अर्धा तास.