करंडीत आंबे किती होते?

निवृत्त माणसाला कुणी ‘आठवणी लिहून काढा’ म्हटलं की पहिलं वाक्य आपोआप कागदावर उतरतं : ‘माझा जन्म एका गरीब पण सुसंस्कृत कुटुंबात झाला.’ श्रीमंत आणि असंस्कृत घरात जन्मलेली माणसं मराठीत आत्मचरित्रं लिहीत नसावीत. पुढची वाटही मळलेली असते. वडिलांची शिस्त, आईचे संस्कार, वार लावून जेवणं, नोकरी, बदल्या, बदलीच्या गावचे साहेब, खात्याची परीक्षा आणि शेवटच्या प्रकरणात मुलाकडे जाऊन पाहिलेला नायगारा. मुखपृष्ठावर समई नाहीतर मावळता सूर्य. सहस्रचंद्रदर्शनाला ती पुस्तकं पेढ्यांच्या पुड्याबरोबर वाटतात आणि उरलेल्या प्रती दिवाणात जातात.

तरी मी ती चवीनं वाचते. कारण त्यात कुठेतरी एखादं वाक्य लेखकाची नजर चुकवून निसटलेलं असतं. आमच्या एका दूरच्या नातलगांच्या पुस्तकात असंच सापडलं : ‘संगमनेरला बदली झाली तेव्हा सौ. दोन महिने माझ्याशी बोलली नाही. पुढील वर्षी मला बढती मिळाली.’ संपलं! त्यानंतर पानभर बढतीचं वर्णन, अभिनंदनपर भाषणांसकट. अहो, पण सौ. का बोलत नव्हत्या? संगमनेरनं त्यांचं काय वाकडं केलं होतं? दोन महिने आंघोळीचं पाणी तापल्याचा निरोप कुणामार्फत जायचा? हे विचारायला त्यांच्यासमोर कुणी बसलेलंच नव्हतं. बिचारे एकटेच लिहीत होते.

सांगायच्या गोष्टीला ही अडचण नसते. तिथे समोर माणूस असतो आणि आमच्या घरात तरी तो गप्प बसत नाही.

आमच्याकडे आजोबांच्या आंब्याच्या करंडीची गोष्ट आहे. आजोबा कोल्हापुरात शाळामास्तर. एका मे महिन्यात ते रत्नागिरीहून सर्व्हिस मोटारीनं परत येत होते. टपावर हापूसची करंडी, आत भाताचा पेंढा, वरून गोणपाट सुतळीनं शिवलेलं. आंबा घाट चढून मोटार मलकापूरला थांबली, आजोबा चहाला उतरले आणि मोटार त्यांना तिथेच सोडून निघून गेली. करंडी पुढे, मालक मागे. आजोबा लाकडं भरलेल्या ट्रकातून रात्री कोल्हापुरात पोचले, तर मोटार रिकामी, ड्रायव्हर घरी गेलेला, करंडीचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी त्या ड्रायव्हरचं घर सापडलं. बघतात तर त्याच्या बायकोनं करंडी सोडून माजघरात पेंढ्यावर आंब्यांची रीतसर आढी घातलेली! ‘‘बांधलेले ठेवले असते तर कुजले असते, मास्तर,’’ म्हणाली आणि आंबान्‌आंबा मोजून परत दिला. आजोबांनी त्यातले काही तिच्या पदरात घातले.

एवढीच गोष्ट. पण ती सरळ शेवटाला गेलेली मी कधी ऐकली नाही. थोरली आत्या ती मेथी निवडताना सांगते. आजोबा मलकापूरला उतरले की ती थांबते, नव्या जुडीचा दोरा दातानं तोडते आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघते. ही जागा नाट्यासाठी ठेवलेली आहे. काका नेमके तिथेच घुसतात.

‘‘मलकापूर नव्हे, आंब्यालाच उतरले.’’

‘‘आंब्याला तेव्हा चहा कुठं मिळत होता?’’

‘‘तू गेली होतीस बघायला?’’

‘‘मग तू गेला होतास?’’

दोघंही गेलेली नव्हती. करंडीतल्या आंब्यांवरून तर कायमचं भांडण आहे. आत्याच्या मते शंभर, काकांच्या मते चार डझन, आणि धाकटी आत्या, जी तेव्हा जन्मालाही आली नव्हती, ती दोन्ही हात पसरून ‘‘एवढी मोठ्ठी करंडी’’ दाखवते.

आमच्या एका चुलतभावाला तारखांची फार हौस. थोरली आत्या हल्ली बोलता बोलता मोटारीला ‘एसटी’ म्हणून जाते. त्यानं तिला पकडलंच. ‘‘आत्या, साल १९४६ म्हणतेस ना? एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला सुटली, तीसुद्धा पुण्याहून नगरला. आणि कोल्हापूर तर संस्थान होतं. ते मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. एसटी शक्यच नाही.’’

आत्यानं हातातली काडी बाजूला टाकली. ‘‘मग तुझी एसटी उशिरा सुरू झाली असेल. आंबे वेळेवर होते.’’

भावाचं बरोबरच होतं, आणि त्याच्या आगाऊपणानं गोष्टीचं भलंच झालं. एसटी नव्हती तर कसली गाडी होती, यावर खल सुरू झाला. महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा कितीतरी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवत. आजोबांची मोटार त्यातलीच, असं काकांनी सांगितलं. ते ऐकून आत्या एकदम म्हणाली, ‘‘तरीच! दादांची टोपी काळी होऊन आली होती. आईनं रिठ्यात भिजत घातली होती.’’ ही काळी टोपी तोपर्यंत गोष्टीत नव्हती. इतकी वर्षं आत्याच्या डोक्यात कुठेतरी पडून होती. कुणी वेड्यावाकड्या जागी टोचलं तेव्हा बाहेर आली.

आजीची आवृत्ती मात्र वेगळी, आणि ती फक्त स्वयंपाकघरात, पुरुष मंडळी जेवून उठल्यावर निघायची. ‘‘चहा कसला डोंबलाचा! विडी ओढायला उतरले होते. सोडली म्हणून माझ्यासमोर देवाची शपथ घेतलेली. ओळखीचं कुणी बघेल म्हणून गेले असतील पार हॉटेलाच्या मागे. ड्रायव्हरला दिसणार कुठून?’’ हे कळलं आणि सगळी गोष्ट जागच्या जागी बसली. समोर चहा पीत बसलेल्या मास्तरांना टाकून कुठला ड्रायव्हर कशाला जाईल? आजोबांनी आत्मचरित्र लिहिलं असतं तर ‘मार्गात मलकापूर येथे अल्पोपाहारार्थ थांबलो असता’ एवढंच आलं असतं, पुढे लगेच मुख्याध्यापकपदी नेमणूक.

मराठीत ज्या आठवणी आपण अजून आवडीनं वाचतो, त्यांच्यामागे असं कुणीतरी टोचणारं सापडतं. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे गेले आणि नेमके १८५७ च्या धामधुमीत अडकले. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आतून पाहिला, लुटले गेले, जीव वाचवून घरी आले. ही हकिगत त्यांनी घरच्यांना किती वेळा ऐकवली असेल, आणि कुणीतरी ‘‘भटजी, हे मागच्या वेळी वेगळं सांगितलंत’’ असंही म्हणालं असेल. पण ती कागदावर आली चिंतामणराव वैद्यांनी लिहायला लावली म्हणून. ‘माझा प्रवास’ छापून निघाला १९०७ साली, भटजी गेल्यानंतर. इतिहासवाले त्यात राणी लक्ष्मीबाई शोधतात. मी दक्षिणेचे आकडे शोधते. चहूकडे तोफा चालल्या आहेत आणि या गृहस्थाला घरचं कर्ज आठवतंय, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दुसऱ्या लक्ष्मीबाई, टिळकांच्या, त्यांचंही तेच. मुलाला, देवदत्तांना, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. मागितले रेव्हरंड टिळक, मिळाल्या लक्ष्मीबाई! ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली; १९३७ मध्ये चौथा भाग निघाला तेव्हा त्या नव्हत्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याओवळ्याचं वेड म्हणजे घरच्यांचा छळ होता, पण त्या तो असा सांगतात की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. गरीब-पण-सुसंस्कृत छापाचं एक वाक्य या बाईंच्या हातून उतरलं नाही. आणि बहिणाबाई चौधरींना तर लिहिताच येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी वेळीच उतरवून ठेवलं म्हणून त्यांच्यामागे, १९५२ साली, पुस्तक निघालं.

विचारणारं कुणी नसलं की काय उरतं, तेही आम्ही पाहिलंय. काका एकदा नाशिकला गेले तेव्हा तीर्थोपाध्यायांनी नामावळीची लांबट चोपडी काढून दाखवली. त्यात आमच्या पणजोबांच्या हातची मोडीतली नोंद : गाव, वडिलांचं नाव, भाऊ, मुलगे. काकांना भरून आलं. त्यांनी ते पान लिप्यंतर करून आणलं आणि आत्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. ‘‘नावं बरोबर आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘पण एवढी माणसं नाशकापर्यंत गेली आणि कुणी काहीच बोललं नाही?’’

म्हणून एका दिवाळीत मी करंडीची गोष्ट लिहून काढली आणि तिच्या प्रती सगळ्या घरांत पाठवल्या. लिहायला बसले की मला एरवी नको तेवढं आठवतं, आजीच्या हाताचा कांद्याचा वास, आजोबांची विडी मोरीच्या कोनाड्यात सापडली तो दिवस. त्यामुळे हात थांबत नाही आणि घरचं काम राहतं. पण खरी मजा कागद परत आले तेव्हा आली. सगळ्यांचे समास भरलेले. काकांनी मलकापूर लाल शाईनं खोडून आंबा केलं होतं. विडीच्या वाक्याशेजारी त्यांनीच लिहिलं होतं, ‘हे छापू नये.’ त्याखाली थोरल्या आत्याच्या अक्षरात : ‘छापावे. आईची इच्छा.’ धाकट्या आत्याचा एकच प्रश्न : ‘यात मी कुठे आहे?’ तू जन्मली नव्हतीस, असं कळवलं तर उत्तर आलं, ‘तरी.’

वाद एवढ्यावर राहिला असता. पण यंदा माझ्या भाचीला, ती सहावीत आहे, शाळेनं घरातल्या मोठ्यांची एक आठवण लिहून आणायला सांगितली. तिनं थेट थोरल्या आत्याला फोन लावला आणि करंडीची गोष्ट सांगायला लावली. शेवटपर्यंत गेल्यावर विचारलं, ‘‘आत्याआजी, ड्रायव्हरच्या घरी मुलं होती?’’

‘‘असतील की.’’

‘‘मग घरात एवढे आंबे असताना त्यांनी खाल्ले नाहीत?’’

आत्या गप्प! आम्हीही. करंडीत किती आंबे यावर आम्ही सगळे एकमेकांच्या उरावर बसत आलो, पण त्या माजघरात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. भाचीनं टाकलं. तिची गोष्ट ड्रायव्हरची मुलगी सांगते. बाबा रात्री एक करंडी घेऊन येतात. आई म्हणते, ‘‘दुसऱ्याचं आहे, हात लावायचा नाही.’’ घरभर वास. मुलगी आढीकडे पाठ करून झोपते, पण नाक काही पाठ करत नाही. आई रोज सकाळी आंबे दाबून बघते आणि मुलगी आईला बघते. चौथ्या दिवशी, ज्या दिवशी पिवळे झालेत असं आई म्हणते त्याच दिवशी, काळी टोपी घातलेला एक माणूस दारात उभा राहतो आणि सगळे आंबे घेऊन जातो. गोष्टीचं नाव ‘टोपीवाला’.

वहीतलं पान फोटो काढून आत्याला पाठवलं गेलं. दहा मिनिटांत फोन. भाचीनं तो स्पीकरवर टाकला.

‘‘सगळे घेऊन गेले म्हणजे काय? दादांनी आंबे दिले होते तिला! पदरात! चांगले डझनभर!’’

‘‘तू बघितलेस?’’

‘‘मी घरी होते.’’

‘‘मग तुला कुणी सांगितलं?’’

‘‘दादांनीच.’’

‘‘ते तर चहा प्यायला उतरलो असंही सांगायचे.’’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग आत्याचा आवाज, पण आता बाजारात भाव करतानाचा. ‘‘बरं, अर्धा डझन लिही.’’

‘‘दोन,’’ भाची म्हणाली. ‘‘आणि त्यातला एक डागी.’’

‘‘फोन तुझ्या बापाकडे दे.’’