रिव्ह्यूकर

नीट-पीजीचा निकाल लागला की रिव्ह्यूकर येतो. तुम्ही त्याला ओळखता. पाठीवर काळी सॅक, हातात फोनला जोडलेली पॉवर बँक आणि दोन पावलं मागे पांढऱ्या शर्टातले वडील. ‘काका, मी फक्त कॉलेजचा रिव्ह्यू घ्यायला आलोय,’ म्हणतो आणि चप्पल काढायच्या आत वायफायचा पासवर्ड विचारतो.

आमच्याकडे यायचं कारण आमचा पुतण्या. तो एमडी सायकियाट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्ध्यात वैद्यकीय महाविद्यालयं दोन, सेवाग्रामचं १९६९ सालचं आणि सावंगी मेघेचं १९९० सालचं. पुतण्या कुठल्या कॉलेजात आहे ते मी छापून देणार नाही. एवढं गुपित ठेवूनही यवतमाळ, अकोला आणि पार परभणीपर्यंतची मंडळी आमच्या ओसरीवर चहा पिऊन गेली आहेत.

यंदाचा रिव्ह्यूकर आमच्या साडूंच्या शेजाऱ्यांचा, हिंगणघाटकडचा. हिनं तर्री-पोहे पुढे केले. पहिल्या घासाला म्हणाला, ‘पोहे चिल आहेत काकू, पण तर्री टॉक्सिक आहे.’ डॉक्टरच्या तोंडून ‘टॉक्सिक’ ऐकल्यावर हिनं आत जाऊन पातेलं हुंगून पाहिलं. या पिढीत जगाच्या दोनच जाती आहेत, चिल आणि टॉक्सिक, हे तिला कोण सांगणार? गोरसपाक चिल निघाला. आमचं न्हाणीघर टॉक्सिकच्या काठावर.

दुपारी पुतण्या ड्यूटीवर होता म्हणून दोघांना सेवाग्राम आश्रमात नेलं. १९३६ साली गांधीजी इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, व्हाइसरॉयनं बसवून दिलेला टेलिफोन हा, असं मी उत्साहानं सांगत होतो. रिव्ह्यूकर बापूकुटीत डोकावला आणि त्याचा चेहरा खुलला. ‘काका, अटॅच्ड आहे!’ साप पकडून दूर सोडून देण्याचा पिंजरा दिसल्यावर मात्र एक गुण कापला गेला. ‘म्हणजे कॅम्पसमध्ये साप निघतात.’ वडील हात जोडून उभे होते. मला त्यांची दया आली आणि स्वतःचीही.

दुसऱ्या दिवशी विभागाची मुलाखत झाली. बरोबर वाचलंत, विभागाची. वॉर्डाबाहेरच्या बाकावर पुतण्या अंग चोरून बसला आणि समोर रिव्ह्यूकर. जेआर वनला झोप किती मिळते? रविवार असतो का? स्टायपेंड वेळेवर येतो का? सीट सोडली तर दंड किती? सर ओरडतात का, आणि ओरडतात तर सगळ्यांसमोर ओरडतात का? उत्तरं फोनमध्ये टिपली जात होती. मग वडिलांनी घसा खाकरला.

‘मी काय मंतो जी, यात हातानं कराले काई असते का? कापाकापी, टाके, असं?’

‘ईसीटी असते काका.’

‘थे का असते?’

‘मेंदूला विजेचा छोटा झटका. भूल देऊन. भुलीशिवाय देताच येत नाही, २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे.’

वडिलांनी विचार केला. ‘आन् मंधातच लाइन गेली त?’

रिव्ह्यूकरनं तेवढ्यात ‘जनरेटर बॅकअप विचारणे’ असं टिपून घेतलं.

शेवटी पुतण्यानं विचारलं, ‘तुला सायकियाट्रीच का घ्यायचीय?’

‘रेडिओ, डर्मा, मेडिसिनपर्यंत रँक जात नाही ना.’

त्याला तरी कसा दोष द्यायचा? त्याला हा प्रश्न अधिकृतपणे कुणी विचारतच नाही. दोनशे प्रश्न, आठशे गुण, चुकलं की एक गुण वजा, आलेल्या रँकवर ऑनलाइन चॉईस फिलिंग, संपलं. माणसाच्या मनाचा डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला आपल्याकडे कुणीही माणूस समोर बसवून दोन मिनिटं पारखत नाही. मग तोच उलटा फिरून सगळ्यांना पारखत सुटतो.

माझ्या मावसभावाची मुलगी अमेरिकेत याच विषयाच्या जागेसाठी धडपडत होती, तिच्या तऱ्हा वेगळ्या. महिनोन् महिने मुलाखती, त्याही झूमवर. तणावात तुम्ही काय करता, एखादा रुग्ण तुमच्या मनात का राहिला, असले प्रश्न. प्रत्येक मुलाखतीनंतर तीही वहीत लिहायची, कोण हसलं, कोण घड्याळ पाहत होतं. शेवटी उमेदवार आपली पसंतीची यादी देतो, विभाग आपली देतो आणि संगणक जोड्या लावतो. हे मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमासारखं वाटतं ना? मग ऐका. या हिशेबामागचा १९६२ चा गेल आणि शॅप्ली यांचा निबंध मुळातच कॉलेजप्रवेश आणि टिकाऊ लग्नं यांवर एकत्र लिहिलेला आहे, आणि त्या कामासाठी शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे पसंती एकतर्फी. विभागाला विचारतो कोण?

सेवाग्रामला मात्र एके काळी विचारत. सुरुवातीच्या तुकड्यांतली मुलं एमबीबीएसला यायची तेव्हा समोर बडी बहनजी, म्हणजे कॉलेजच्या संस्थापक डॉ. सुशीला नायर, बसलेल्या असत. पुढे कित्येक वर्षं प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर होता. त्या पेपरानं किती गांधीवादी निपजले हा प्रश्न मी वर्ध्यात राहून विचारणार नाही. पण कोण येतंय, कशाला येतंय, याची निदान चौकशी तरी व्हायची.

तर, पुतण्याला राउंडला बोलावणं आलं, वडील जनरेटर शोधायला गेले आणि रिव्ह्यूकर ओपीडीच्या रांगेतल्या बाकावर टेकला. शेजारी देवळीकडची एक आजी. मुलाला घेऊन आलेली, मुलगा आत. तिनं याच्याकडे नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली, बोटं उगाच फोनवर.

‘कवापासून झोप नाई रे बाबू?’

मी मागच्या बाकावर होतो. वाटलं, हा आता आजीलाही टॉक्सिक ठरवणार. तो म्हणाला, ‘दोन वर्षं झाली, आजी.’

मग आजीनं मुलाखत घेतली. गाव कोणतं, भावंडं किती, आई जेवली का विचारते का, राहतोस कुठे. नागपुरात महिन्याच्या भाड्यानं खुर्ची मिळते त्या अभ्यासिकेत, म्हणाला. त्याआधी? त्याआधी ग्रामीण रुग्णालयात होतो. तिथे एक जण फवारणीचं औषध पिऊन आला होता. रात्र रात्र अॅट्रोपिन देत बसलो, वाचला. सुट्टी होताना त्यानं विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, वाचवलं खरं, आता घरी जाऊन काय करू?’

‘मंग? काय सांगतलं तू?’

‘काहीच नाही. सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.’

आजी जरा थांबली. ‘आधी जेव, मनायचं. मंग पाहू.’

हे त्यानं पुतण्याला का सांगितलं नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही मुलाखतीत ही गोष्ट सांगितली असती तर समोरच्यांनी पेन खाली ठेवलं असतं. आपल्याकडे ती सांगायची सोयच नाही, फॉर्मात तिला रकाना नाही. मानसिक आजार असलेल्या दहांतल्या सातांहून अधिक जणांपर्यंत या देशात उपचार पोहोचत नाहीत, असं २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं. त्यांच्यापर्यंत जो पोहोचू शकतो त्याला आपण रविवारच्या सुट्टीची चौकशी करत गावोगाव फिरायला लावतो. संध्याकाळी त्यानं न्हाणीघराला आणखी एक नाव ठेवलं, आणि मला त्याचा म्हणावा तितका राग आला नाही.

त्यानं यादी भरली आमच्याच गच्चीवर, रात्री उशिरापर्यंत, कारण तिथे रेंज चिल होती. इतकी गावं पालथी घालून, इतके रिव्ह्यू गोळा करून त्याला मिळालं ते मराठवाड्यातलं एक कॉलेज, जिथे त्यानं पाऊलही ठेवलं नव्हतं. सायकियाट्रीच. वडिलांनी गोरसपाकचे पुडे नेऊन गावात वाटले आणि पोरगा ‘मेंदूचा डॉक्टर’ होतोय असं सांगितलं. नागपूरच्या मनोरुग्णालयाला अजूनही पागलखाना म्हणणाऱ्या मुलखात बापाला एवढी पळवाट हवीच.

रुजू झाल्यावर त्याचा फोन आला. मी सवयीनं विचारलं, चिल आहे का रे? म्हणाला, ‘झोप नाही, रविवार नाही. सर सगळ्यांसमोर ओरडतात. काका, एक काम होतं. त्या देवळीच्या आजींचा मुलगा आता बरा आहे का, विचाराल पुतण्याला?’

विचारलं. पुतण्यानं पानावरून मान वर न करता सांगितलं, ‘रुग्णाची माहिती देता येत नाही. कायदा आहे.’

‘अरे, पण तोही आता डॉक्टरच आहे की!’

‘तिच्या मुलाचा नाही.’

मी तसंच कळवलं. रिव्ह्यूकर चिडला असावा, कारण लगेच त्यानं परस्पर पुतण्यालाच फोन लावला. दोघं गच्चीवर तासभर बोलत होते, म्हणजे आमचा गच्चीवर आणि तो तिकडे. काय बोलले ते मला दोघांपैकी एकानंही सांगितलेलं नाही.