टॉर्चला तुमचा पत्ता कशाला हवा?

अ‍ॅप चांगलं की वाईट हे आपण स्टार मोजून ठरवतो. साडेचार स्टार, लाखो डाउनलोड, खाली ‘बेस्ट अ‍ॅप’ म्हणणाऱ्या चार ओळी. झालं, टाक फोनमध्ये. स्टार देणाऱ्याने अ‍ॅप किती दिवस वापरलं, कोण जाणे. ‘रेटिंग द्या, रेटिंग द्या’ म्हणून अ‍ॅपच मागे लागलेलं असतं. माझ्या मते रोजच्या वापरातल्या अ‍ॅपला दोनच प्रश्न विचारायचे. तू माझ्याकडून काय घेतोस? आणि मी निघालो, तर माझं मला परत देतोस का?

टॉर्चपासून सुरुवात करू. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं फुकट अमेरिकी अ‍ॅप कोट्यवधी वेळा डाउनलोड झालं होतं. काम एवढंच, की फोनचा दिवा लावायचा. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सांगितलं, की हे अ‍ॅप वापरणाऱ्याचं ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरातवाल्यांना पोचवत होतं. ‘नकार’ द्यायचं बटण होतं, पण उत्तर देण्याआधीच माहिती रवाना होत होती. आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून पडद्याच्या कडेची पट्टी ओढली, की टॉर्च हजर असतो. तरीही टॉर्चची वेगळी अ‍ॅप्स फोनाफोनांत पडून आहेत. काढून टाका. ‘फोनचा वेग वाढवा’ म्हणणारी बूस्टर अ‍ॅप्सही काढा. मेमरी कुणाला किती द्यायची, हे अँड्रॉइड स्वतःच पाहतं. वाण्याकडे काडेपेटी मागितली आणि त्याने नातेवाइकांचे फोन नंबर विचारले, तर आपण पायरी उतरतो. फोनवर मात्र ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतो.

खरा धोका स्कॅनरमध्ये आहे. आपण स्कॅन काय करतो? आधार, पॅन, सातबारा, मार्कशीट, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे रिपोर्ट. अख्खं घर त्या एका अ‍ॅपच्या हवाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड आवृत्तीत जाहिरातींसाठी जोडलेल्या भागातून आलेला घातक कोड सापडला. दहा कोटींहून अधिक डाउनलोड असलेलं हे अ‍ॅप गूगलने तेव्हा प्ले स्टोअरवरून उतरवलं; तो भाग काढल्यावर ते परत आलं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्या यादीत कॅमस्कॅनर होतं, शेअरइट होतं, यूसी ब्राउझर होतं, ईएस फाइल एक्स्प्लोररही होतं. सगळी कामाचीच अ‍ॅप्स, रोज हाताखालची. बंदीमागे सीमेवरचा तणाव होता, हे खरं. पण त्याआधी आपल्यापैकी किती जणांनी विचारलं होतं, की माझा सातबारा जातो कुठे?

वेगळ्या स्कॅनरची गरजही उरलेली नाही. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, आयफोनच्या नोट्समध्ये २०१७ पासून आहे. तिथला कागदही क्लाउडवर जाऊ शकतो, तेव्हा सेटिंग बघूनच जपा. पण ज्यांच्याकडे तुमचे फोटो आणि मेल आधीच आहेत, तिथे आणखी एक अनोळखी भागीदार कशाला? आधार किंवा वाहन परवान्यासाठी तर स्कॅनच नको. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याने दिलेला कागद कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे.

घरच्या घरी एक परीक्षा घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि अ‍ॅप उघडा. कॅल्क्युलेटर, गजर, वह्या, स्कॅनर यांना नेटची गरज नसते. नेट नाही म्हणून ती अडून बसली, तर ते नेट तुमच्यासाठी नव्हतंच. चालली, तर लगेच निर्दोष ठरवू नका. नेट आल्यावर ती काय पाठवतात, हे या परीक्षेत कळत नाही. पण नापास कोण, ते नक्की कळतं.

प्रत्येक मागणी वाईटच असते, असंही नाही. पंचांगाचं अ‍ॅप ठिकाण विचारतं ते रास्त आहे, कारण संकष्टीचा चंद्रोदय मुंबईत आणि नागपुरात एकाच वेळी होत नाही. पण त्यासाठी शहराचं नाव पुरतं. चोवीस तास पाठलाग कशाला, आणि कॉन्टॅक्ट्स तर मुळीच कशाला? काम आणि मागणी शेजारी ठेवून बघा, उत्तर तिथेच मिळतं.

आता दुसरा प्रश्न, परत देण्याचा. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं लोकप्रिय अ‍ॅप. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, मे २०२० मध्ये बंद केलं. याद्या दुसरीकडे हलवायची सोय दिली, म्हणून लोक वाचले. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस फुकट खात्याला ५० नोंदी आणि एक वही एवढीच मर्यादा घातली. कंपनीने धंदा बदलायचा नाही, असं कुणी म्हणत नाही. पण तुमच्या दहा वर्षांच्या नोंदी कुणाच्या दरपत्रकाला बांधलेल्या नकोत. म्हणून पहिल्या दिवशी पाच नोंदी लिहा आणि लगेच ‘एक्स्पोर्ट’ शोधा. बाहेर आलेली फाइल दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये उघडली, तर सहावी नोंद लिहा.

पैशांचंही तेच. सात दिवस फुकट म्हणून ऑटोपे चालू करायचं बटण मोठं आणि रंगीत; बंद करायचं बटण पाच पडद्यांआड. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ ‘डार्क पॅटर्न’वर बंदी आणली आणि वर्गणीचा सापळा त्यात नावानिशी आहे. सापळा दिसला, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती आजच उघडा.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीबद्दल एक उदाहरणच दिलं आहे. डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने तुमचे कॉन्टॅक्ट्स मागितले आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी सल्ल्यासाठी त्यांची गरज नसल्याने ते ‘हो’ त्यांना लागू होत नाही. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे आणि संमतीची सूचना मराठीतही वाचायला मिळाली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. कायदा कागदावर राहू नये, यासाठी मागणारे आपणच लागतो.

तेव्हा या रविवारी फोन झाडायला काढाल, तर आयकॉन दाबून ‘अनइन्स्टॉल’ म्हणण्यावर थांबू नका. त्याने खातं मिटत नाही आणि चालू वर्गणीही थांबत नाही. आधी वर्गणी रद्द करा, मग नोंदी बाहेर काढा, मग खातं डिलीट करा, अ‍ॅप सगळ्यात शेवटी. खातं उघडू देणाऱ्या अ‍ॅपने ते मिटवायची सोयही द्यायलाच हवी, असा अ‍ॅपल आणि गूगल दोघांच्याही स्टोअरचा नियम आहे. ती सोय सापडली नाही, तर स्टोअरवर एक स्टार द्या आणि का दिला ते मराठीत लिहा. पुढच्या माणसाला पन्नास ‘बेस्ट अ‍ॅप’पेक्षा ती एक ओळ जास्त उपयोगी पडेल.